काकाची दहा फुटी

माझा काका दारू पिऊन शोरूमच्या गाडीत झोपला आणि वॉचमननं पाय धरून त्याला बाहेर ओढला, ही बातमी आमच्या गल्लीत इस्त्रीवाल्यानं आणली. इस्त्रीवाल्याची बातमी सांगायची एक तऱ्हा आहे. आधी इस्त्री उभी करून ठेवायची, मग कॉलर झटकायची आणि म्हणायचं, "मी काही बोलत नाही, पण..." हे "पण" तो इतकं लांबवतो की तेवढ्यात एक शर्ट इस्त्री होऊन जाईल.

तर खरं काय झालं ते मी सांगते. काका दारू पीत नाही, सोड्यानंसुद्धा त्याला ठसका लागतो. वॉचमननं त्याच्या पायाला हात लावला तो चप्पल द्यायला. पण काका गाडीत झोपला होता, ते मात्र खरं. नव्या कोऱ्या पिकअपच्या मागच्या हौद्यात पाठीवर सरळ, हात पोटावर. वर तोंड करून तो सेल्समनला म्हणत होता, "आता गतिरोधकावरून घ्या. हळू नको, नेहमी घेता तशी."

काका घरं हलवायचं काम करतो. लोकांचे फ्रिज, कपाटं, पलंग या घरातून त्या घरात. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी असते. जिना, दार, वळण, सोफा, सगळं मोजल्याशिवाय तो सामानाला हात लावत नाही. म्हणून सगळे त्याला इंचकाका म्हणतात, माझ्या बाबांहून मोठी माणसंसुद्धा.

काकूच्या पाठीच्या मणक्याला चार वर्षांपूर्वी दुखणं लागलं. शिवणयंत्रावर दिवसभर वाकून बसणारी बाई, तिला आता बसताच येईना. दर तीन आठवड्यांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, तेही आडवं. ॲम्ब्युलन्स परवडणारी नव्हती आणि काकूला ती नकोच होती. "त्यात झोपलं की लोक वाकून बघतात, मेली की काय म्हणून," ती म्हणायची. मग काका आपल्या जुन्या सात फुटी पिकअपमध्ये केबिनला लागून साडेपाच फुटांची गादी घालायचा, वर ताडपत्री ताणायचा आणि तिला न्यायचा.

उरलेल्या दीड फुटात तो गिऱ्हाइकाच्या खुर्च्यांची चळत लावायचा, कारण रिकामी खेप म्हणजे डिझेल खिशातून.

मी सुट्टीत दोनदा काकूजवळ मागे बसून गेले. जुन्या गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे पार गेलेले होते. प्रत्येक खड्ड्याला काकूच्या तोंडून एक बारीक आवाज यायचा आणि तो संपायच्या आत ती विचारायची, "खुर्च्या नीट आहेत ना गं?" मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. हेडबाईंचा, दूधवाल्याचा, आमच्या लिफ्टच्या दाराचासुद्धा. तो आवाजही मला येतो. मी तो कधीच काढला नाही.

तर नवी गाडी घ्यायची होती आणि ती दहा फुटी. साडेपाच फूट काकू, साडेचार फूट सामान. एक कपाट, एक फ्रिज, वर गाद्या. म्हणजे काकूची खेप भाड्याची खेप होणार. काकानं दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते, पण त्याचे पैसे जिना चढत होते आणि भाव लिफ्टनं.

शोरूमचा सेल्समन हा माझा आवडता माणूस. तो बोलताना आधी खुर्ची पुढे ओढतो. "काय आहे ना सर... कंपनीनं वाढवलं सर... आपल्या हातात काय आहे सर?" जानेवारीत लोखंड महागलं म्हणून, एप्रिलमध्ये इंजिनाचे नवे नियम आले म्हणून, जुलैमध्ये का ते त्यालाही सांगता येईना. तेव्हा तो नुसतंच "सर" म्हणाला. काकानं बुकिंग केलं होतं, पण भाव म्हणे गाडी हातात पडेल त्या दिवशीचा. जुलैमध्ये पैसे पुन्हा कमी पडले. "सर, एक सांगू? तेवढ्याच पैशात आठ फुटी आजच्या आज घेऊन जा. दहा फुटी पाहिजे तर तीन महिने थांबा, बाकीचे जमवा. दिवाणखाना मोठा की घर लवकर, एवढंच ठरवायचं सर."

मी रोज संध्याकाळी काकूकडे जायचे. ती उशीवरून विचारायची, "आज कुणाला आणलंस?" त्या दिवशी मी खुर्ची ओढली आणि सेल्समनला आणलं.

"काय आहे ना मॅडम..."

काकू हसली. "हसवू नकोस गं, पाठ दुखते." मग तिनं पदर सारखा केला आणि माझ्याशी नव्हे, त्या सेल्समनशीच बोलायला लागली. "साहेब, तुम्ही आमच्या ह्यांना ती आठ फुटी देऊन टाका."

"पण मॅडम, सरांना दहा पाहिजे."

"त्यांना पाहिजे हो. मी पाय दुमडून झोपेन, त्यांचं कपाट बसेल. जुनी गाडी फार हाणते साहेब. तीन महिने म्हणजे अजून चार खेपा. त्यांना सांगू नका."

काका दारात उभा होता. हातात औषधाची पिशवी. माझ्या तोंडातला सेल्समन कुठल्या कुठे पळाला.

"दुमडायचं नाही," काका म्हणाला. "डॉक्टरनं सरळ सांगितलंय."

"अहो, पण..."

"मी मोजलंय. आठात तू सरळ झोपलीस तर अडीच फूट राहतात. अडीच फुटात कपाट बसत नाही."

"कपाट गेलं उडत!"

"आणि भाडं? तीन महिने. लगेच जातील."

काकू छताकडे बघत म्हणाली, "तुमच्या मोजपट्टीवर महिने असतात का हो?" काका हसला. मीही हसले. तिनं ते हसवण्यासाठीच म्हटलं असं मला तेव्हा वाटलं.

चारातल्या तीन खेपा जुन्या गाडीतून झाल्या. तिसऱ्या खेपेला काकूनं खुर्च्यांचं विचारलं नाही. अकराव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, ती घरच्या अंथरुणावरच गेली. गादी गाडीतून काढून उन्हात टाकलेली होती.

बारा दिवसांनी शोरूमचा फोन आला. गाडी आली होती. सगळ्यांनी काकाला समजावलं. आई म्हणाली, "भाऊजी, आता एवढी मोठी कशाला? आठ फुटी घ्या, चार पैसे तरी उरतील." सेल्समनसुद्धा म्हणे त्या दिवशी खुर्ची न ओढताच म्हणाला, "बदलून देतो सर, बुकिंग कापत नाही." काकानं दहा फुटीच आणली. हौद्यात पाठीवर झोपून बघितली नाही. त्यानं मला एकदाच सांगितलं, गाडी पुसता पुसता, "दोन फुटांसाठी थांबलो मी." मग फडकं पिळून तो पुढची काच पुसायला लागला.

चार महिन्यांनी आम्ही घर बदललं, तीन गल्ल्या पलीकडे. सामान अर्थात काका नेणार. मी आदल्या दिवशी त्याची मोजपट्टी मागून घेतली आणि सगळं मोजलं. कपाट, पलंग, फ्रिज, माझं टेबल, आईच्या अकरा कुंड्या. वहीवर हौद्याचं चित्र काढून एकेक चौकोन बसवला. चार इंच उरत होते.

"काका, एका खेपेत बसतं."

"दोन खेपा," काका म्हणाला.

"पैज?"

"पैज. हरेल त्यानं गाडी धुवायची."

"मग तू पाणी भरून ठेव."

सकाळी त्यानं गाडीचा मागचा फळका पाडला आणि आधी कपाट चढवलं. ते केबिनला टेकवायचं सोडून मधेच उभं केलं आणि दोरीनं आवळलं. मग त्याच्या मागे फ्रिज, फ्रिजच्या मागे पलंगाच्या फळ्या. फळका लागला. केबिनपासून कपाटापर्यंतची जागा तशीच मोकळी होती. आई कुंडी हातात घेऊन म्हणाली, "भाऊजी, पुढे अजून..." तिनं कुंडी परत पायरीवर ठेवली.

दुसऱ्या खेपेलाही त्यानं तसंच भरलं.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी गाडी मी धुतली. फळक्याकडच्या साडेचार फुटांत कपाटांच्या पायांनी रंग पार खरवडून पत्रा उघडा पाडला होता. पुढच्या साडेपाच फुटांत एक ओरखडा नव्हता. तिथं नुसती धूळ होती, ती मी हातानं पुसून काढली.