तिसऱ्या मजल्यावरचे चौदा

तारमिस्त्रीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आधी उजव्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी, मग बाकीचं जग. सहाला तो कचेरीच्या मागच्या दाराशी हजर. माणसं नऊला येत, तोवर जळके फ्यूज, अडलेले पंखे, लोंबणाऱ्या तारा, सगळं उरकलेलं असे. एकतीस वर्षांत हातात घेतलेलं काम त्याने अर्धवट सोडलं नव्हतं. खिळासुद्धा भिंत वाजवून बघून मगच ठोकायचा.

मग कचेरीत बिनतारी कीबोर्ड आले, चाळीस. तार नाही तर तारमिस्त्री कशाला, अशी थट्टा शिपायांनी चालवली. पण बसवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. संगणक विभागाने कागद दिला: प्रत्येक कॉम्प्युटरमधलं ‘आपोआप जोडा’ हे सेटिंग बंद करायचं. पडद्यावर सहा आकडी नंबर येईल, तो त्याच कीबोर्डवर टाइप करून जोडणी करायची. कीबोर्डला टेबलाच्या क्रमांकाची चिठ्ठी लावायची. सेटिंग चालू राहिलं, तर जवळपास सुरू झालेला कुठलाही कीबोर्ड कॉम्प्युटर आपला म्हणून धरेल, हेही खाली लिहिलं होतं. एका टेबलाला वीस मिनिटं लागत, तीही बहुतेक गुडघ्यावर बसून.

खालच्या दोन मजल्यांवरचे सव्वीस त्याने कागदाबरहुकूम केले. राहिले तिसऱ्या मजल्यावरचे चौदा. लिफ्ट बंद, गुडघा टरारून सुजलेला, वर शुक्रवारची दुपार. त्याने सेटिंग चालूच ठेवलं. कीबोर्ड सुरू केला की कॉम्प्युटर आपणहून पकडायचा. चौदा टेबलं अर्ध्या तासात. सोमवारी येऊन नीट करू, असं मनाशी म्हणत त्याने चाळीसही कागदाबरहुकूम झाले, अशी सही केली. सोमवारी पाण्याचा पंप बिघडला, आणि तो सोमवार पुन्हा उगवलाच नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीतला कीबोर्ड बंद पडला. मिस्त्रीने बॅटऱ्या बदलल्या, खालचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. कीबोर्ड जोडला गेला, एवढं त्याने पाहिलं. कुणाला, ते पाहिलं नाही. खोलीतला कॉम्प्युटर अजून बंदच होता. प्लायवुडच्या भिंतीपलीकडे टपालताईचा मात्र चालू होता. ती टपाल बघणारी कारकून, घरातली एकटी कमावती, रोज सगळ्यांच्या आधी यायची.

साडेदहाला साहेब बैठकीच्या खोलीत दार लावून बसले. कामावरून कमी करायच्या सात माणसांची नावं त्यांना लिहायची होती. खाली कीबोर्डकडे बघत त्यांनी मथळ्यासकट सातही टाइप केली; वर पाहिलं तर समोर काहीच नाही. ते पुन्हा पुन्हा बडवत राहिले, एंटर दाबत राहिले. पलीकडे टपालताईच्या पडद्यावर सगळ्या कचेरीला निरोप पाठवायची खिडकी उघडी होती आणि ती खाली टपाल द्यायला गेली होती. टपाल घरोघर पोचावं तशी सातही नावं टेबलोटेबली पोचली.

यादी चोरून वाचली आणि फोडली, असा ठपका तिच्यावर आला. चौकशी होईपर्यंत तिला बिनपगारी घरी बसवलं. साहेबांनी तो कीबोर्ड रागाने खणात टाकला आणि जुना तारेचा मागवला.

ऐकताक्षणी मिस्त्रीला सगळं कळलं. चहाच्या टेबलावर कुणी म्हणालं, वरून साधी दिसते, पण आतून किती पोचलेली आहे बघा. मिस्त्रीने मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची लाज त्याला चुकीपेक्षा जास्त वाटली. निवृत्तीला पाच महिने होते. पूर्ण नोकरी झाली की मिळणाऱ्या पैशांत गुडघ्याचं ऑपरेशन, असं घरी ठरलं होतं. एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले.

नवव्या दिवशी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. गुडघा आहे की दुसरं काही, असं तिने विचारलं. त्याने सांगून टाकलं.

“ऑपरेशनचं बघू आपण,” ती म्हणाली. “पण त्या बाईच्या घरी आज ताट कुणी वाढलं, ते आधी बघा.”

दहाव्या दिवशी तो साहेबांना टपालताईच्या टेबलाशी घेऊन गेला. कॉम्प्युटर सुरू केला, कोरं पान उघडलं आणि फक्त बघत राहायला सांगितलं. मग बैठकीच्या खोलीत जाऊन त्याने खणातला कीबोर्ड काढला. रिकाम्या खुर्चीपुढच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं: तिसऱ्या मजल्यावरचे चौदा मी नीट जोडले नाहीत. सही खोटी आहे.

टपालताईला दोन दिवसांनी परत बोलावलं. मिस्त्रीला साहेबांनी सांगितलं, चौदाही पुन्हा करा, आणि या महिन्यानंतर कामावर येऊ नका. त्याने हुज्जत घातली नाही. दोन दिवस लागले. प्रत्येक टेबलाखाली गुडघे टेकून, प्रत्येक नंबर दोनदा वाचून. टपालताईचं टेबल त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती बाजूला उभी होती.

“मिस्त्री, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?”

“हो.”

“मग नऊ दिवस?”

तिच्या टेबलाच्या क्रमांकाची चिठ्ठी त्याने अंगठ्याने घट्ट दाबली आणि उठायला गेला. गुडघ्याने साथ दिली नाही. तेव्हा तिने हात पुढे केला. त्याला उभं केलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

साठवलेले पैसे आणि तो शेवटचा पगार मिळून गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मिस्त्री अजून साडेचारलाच उठतो, काठीशिवाय चालतो. कुठेही जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर मात्र थांबतो. आता दुखत काहीच नाही, तरी थांबतो.