पलंगावरचा इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी शिकवायला इंग्रज आईच्याच पोटी जन्मावं लागतं, हे मला एम. ए. होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. ते मला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत कळलं. प्लायवूडच्या खोक्यात बसून मी परदेशी विद्यापीठांच्या जाहिराती वाचायचे. कोरिया, चीन, ओमान. पगार, राहायला घर, विमानाचं तिकीट, सगळं वाचून तोंडाला पाणी सुटायचं आणि शेवटच्या ओळीत असायचं, फक्त नेटिव्ह स्पीकर. म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनीच यावं. मी तरीही अर्ज पाठवायचे. उत्तर यायचं नाही. नकारसुद्धा कोणी कळवत नसे, याचाच मला जास्त राग यायचा. माणसानं निदान नाही तरी म्हणावं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. चांदवडच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, परीक्षा आल्या की घरी बसा, आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांपुढे पुन्हा नव्यानं मुलाखत द्या. स्टाफरूममध्ये कायम नोकरीवाल्यांच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या. आमच्यासाठी खिडकीचा कट्टा. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या. तीही इंग्रजीचीच, तीही माझ्यासारखीच तासावर. आमची एसटी एक, डबा एक, आणि प्राचार्यांना नावं ठेवण्याचा छंदही एक.

मग ती नवऱ्याबरोबर इथिओपियाला गेली. तिकडच्या एका विद्यापीठात दोघांनाही नोकरी लागली होती. जाताना म्हणाली, "त्यांना नेटिव्ह-बिटिव्ह काही नको. एम. ए. आणि अनुभव बघतात. दरवर्षी त्यांची माणसं मुंबईत येऊन मुलाखती घेतात. तू ये." ती गेली आणि मी कट्ट्यावर एकटी डबा उघडायला लागले. पहिले काही दिवस पोळी घशाखाली उतरेना. मग उतरायला लागली, त्याचं जास्त वाईट वाटलं.

घरीही फार वेगळं नव्हतं. पंचवटीतल्या दोन खोल्यांत मी आणि माझे वडील, नाना. नाना एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या लग्नाचं म्हणाल तर तो विषय आमच्या घरातून आईबरोबरच गेला. संध्याकाळी मी यायचे, चहा टाकायचे, नाना बातम्या लावायचे. "आली का?" "आले." एवढं बोलणं झालं की आमचा दिवस संपायचा. नाना प्रेमळ नव्हते असं नाही. पण जन्मभर गर्दीत ओरडून तिकिटं फाडलेला माणूस घरात गप्प बसणारच, असं मी धरून चालले होते. एकटेपणा मला होता तसा त्यांनाही असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी मी मुंबईला मुलाखतीला गेले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलापलीकडे तिघं बसले होते, तिघंही इथिओपियाचे. सभ्य माणसं होती. माझ्या हातात मधमाश्यांवरचा एक साधा उतारा दिला आणि म्हणाले, आम्ही तुमचे विद्यार्थी आहोत असं समजा आणि शिकवा. मी उभी राहिले. छान सुरुवात झाली. आणि परागकणांच्या वाक्यावर आल्याबरोबर माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, "म्हणजे परागकण. आपल्या डाळिंबाच्या बागेत फुलं लागतात ना, त्यात ती पिवळी पूड असते बघा. कळलं का?"

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. मीही मान डोलावून उत्तराची वाट बघत राहिले. मग त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी अतिशय अदबीनं विचारलं, ही कुठली भाषा? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अदिस अबाबाच्या प्राध्यापकांना चांदवडच्या डाळिंबाची बाग मराठीत समजावून दिली आहे.

यात माझी चूक काय ते मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे इंग्रजी असंच शिकवतात. वाक्य इंग्रजीत वाचायचं, अर्थ मराठीत सांगायचा. नाही सांगितला तर मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, लय जड हाय, मराठीत सांगा ना." कांद्याच्या खळ्यावरून थेट वर्गात आलेली ती पोरं. त्यांना कळावं म्हणून मी जे कमावलं होतं, तेच माझ्या आड आलं. निवड झाली नाही हे सांगायला नकोच.

घरी आल्यावर नानांनी विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. डाळिंबावर आले तेव्हा नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी चिडून आत गेले. बाहेर आले तर नाना देव्हाऱ्यातली पितळी घंटा घेऊन पलंगावर मांडी घालून बसले होते.

"शिकव," म्हणाले.

"काय शिकव?"

"त्येच, मधमाश्या. मराठी निघालं की मी सिंगल बेल मारणार. गाडी थांबली. चूक ध्यानात आली की डबल बेल. गाडी चालू. आमच्यात असंच असतं."

एसटीत बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, दोनदा ओढली की पुढे काढतो. नानांनी उभ्या आयुष्यात एवढीच एक भाषा सराईतपणे वापरली होती, आणि ती त्यांनी माझ्या इंग्रजीला लावली.

पहिल्या संध्याकाळी गाडी जागची हललीच नाही. 'म्हणजे' म्हटलं की टण्ण. 'बरं का' म्हटलं की टण्ण. 'अहो नाना, थांबा की' म्हटलं तरी टण्ण. मी रडकुंडीला आले आणि नाना खूश. पुढे रोज दिवेलागणीला देवाला दिवा लावला की आमचा वर्ग भरायला लागला. नानांना इंग्रजी कळायचं नाही, पण मराठी बरोबर कळायचं, आणि परीक्षकाला तेवढं पुरेसं होतं. तास संपताना मी विचारायचे, "एनी डाउट्स?" नाना शहाण्या मुलासारखी मान हलवून म्हणायचे, "नो, मॅडम." आमच्या कॉलेजातली मुलंही असंच म्हणायची, काही कळलेलं नसताना.

वर्गानंतर गप्पा चालायच्या. पिंपळगावच्या थांब्यावर द्राक्षाच्या पेट्या टपावर चढवायला कोण भांडलं होतं, वणीच्या जत्रेहून गाडी सुटताना कोणाची सासू मागे राहिली होती. हे सगळं मला आजवर माहीतच नव्हतं. घर सोडून जायची तयारी सुरू केली तेव्हा आमच्या घरात बोलणं सुरू झालं. मला ते कळत होतं. नानांनाही कळत असणार. 

पुढच्या वर्षी मी पुन्हा मुंबईला गेले. उतारा वेगळा होता. एका ठिकाणी 'म्हणजे' अगदी ओठांवर आलं, आणि कानात टण्ण वाजलं. मी थांबले, श्वास घेतला आणि इंग्रजीतच पुढे गेले. निवड झाल्याचं कळलं तेव्हा नानांनी आळीभर पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आता नानांचं कसं?" मी काही बोलायच्या आत नानाच म्हणाले, "माझं काय? मी काय कुकुलं बाळ हाय?" मी खानावळीचा डबा लावून देते म्हटलं तर त्यांनी साफ नाही सांगितलं. माझं मी करीन, म्हणाले. आयुष्यात त्यांनी चहाशिवाय काही केलेलं नव्हतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा दाराशी लावून ठेवल्या होत्या. आता शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण नाना घंटा घेऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "घे तास." मी त्याच मधमाश्या शिकवल्या. एकदाही चुकले नाही. घंटा त्यांच्या मांडीवर नुसती पडून होती. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "एनी डाउट्स?"

नानांनी हात वर केला.

ते उठून उभे राहिले, आमच्या कॉलेजातल्या मुलांसारखेच, आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मॅडम. राइस. हाऊ मेनी व्हिसल?"

मला आधी हसू आलं. "थ्री," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि ओठातल्या ओठात "थ्री, थ्री" म्हणून पाठ केलं. मग मला राहवेना. तोंडून निघून गेलं, "नाना, मला नाही जायचं. मी इथंच राहते."

त्यांनी एकदा घंटा वाजवली. नाना खाली बघत होते. बराच वेळ घंटा त्यांच्या हातात तशीच होती. मग त्यांनी ती दोनदा वाजवली.