मुद्दाम मुदत संपू दिलेला दाखला

ऑफिसात सगळे त्यांना दाखलेमामा म्हणत. मामा कॉम्प्युटर सांभाळायचे. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात भरवशाच्या बड्या मंडळींची एक यादी असते, त्यांना मूळ प्रमाणपत्रं म्हणतात. एखाद्या साइटच्या दाखल्यावर यांच्यापैकी कुणाची सही असली की कॉम्प्युटर निमूट दार उघडतो. नसली, की लाल पाटी लावून बोंब ठोकतो. मामा ही यादी चाळत बसायचे. अनोळखी दिसला की हाकलायचा, मुदत संपत आलेल्याच्या जागी नवा आणून बसवायचा. ऑफिसातला एकही दाखला त्यांनी कधी शिळा होऊ दिला नव्हता.

आणि घरचा मात्र या माणसाने जाणूनबुजून शिळा होऊ दिला!

बायको गेली तेव्हा मामांनी तिचे फोटो, तिच्या आवाजातले निरोप, सगळं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर रचून ठेवलं. लेक शिकायला परगावी निघाली होती, तिला तिथून ते बघता यावं म्हणून स्वतःच एक मूळ प्रमाणपत्र बनवलं, दहा वर्षांच्या मुदतीचं, आणि तिच्या लॅपटॉपवर बसवून दिलं. पुढे तिला नोकरी लागली, संसार झाला. फोन यायचा, नाही असं नाही. पण जेवण आणि गोळ्या विचारून झाल्या की दोघांकडचे विषय संपायचे.

म्हणून मामांनी डोकं लढवलं. मुदत संपली की लेकीला लाल पाटी दिसेल. ती गडबडून फोन करेल. मग आपण सांगायचं, इथे जा, ते काढ, हे बसव. तासभर तरी सहज जाईल, आईचा एखादा फोटो निघेल, बोलणं वाढेल. आता याला काय म्हणावं! पण एकटं घर खायला उठलं की शहाण्या माणसालाही असलं काहीतरी सुचतं.

मुदत संपली. फोन आला नाही. कामात असेल, मामा म्हणाले. जेवतानाही ते फोन ताटाशेजारी ठेवू लागले. शेवटी धीर सुटला आणि त्यांनीच नंबर लावला.

"काय गं, आईचे फोटो उघडताना काही अडतंय का?"

"ते अजून चालू आहे, बाबा?"

"आहे की. तुझ्या लॅपटॉपवर मी दाखला बसवला होता ना..."

"अगंबाई, तो तुझा होता? मी कधीच काढून टाकला. यादीत भलतंच नाव दिसलं. तूच शिकवलंस ना, ओळखीचं नसेल त्यावर भरवसा ठेवायचा नाही."

म्हणजे तेव्हापासून तिने ते फोटो एकदाही उघडले नव्हते. दाखल्याला त्यांनी जे नाव दिलं होतं, त्या नावाने ते बायकोला हाक मारत, तेही दोघंच असताना. लेकीला ते कळणार तरी कुठून?

"कुणाचं नाव होतं ते, बाबा?"

मामांनी इतकी वाट पाहिल्यावर लेकीने काहीतरी विचारलं होतं, आणि नेमकं तेच नाव त्यांना तिच्यापुढे घ्यावंसं वाटेना.

"असंच, जुनं कुणीतरी," ते म्हणाले. "काढलंस ते बरं केलंस."