जठर, आतडं, मूत्राशय

गोव्यात भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. कोकणी की मराठी, यावरून आंदोलक झाडं तोडून रस्त्यांवर आडवी टाकत होते. मी डिचोलीत बारावीला जीवशास्त्र शिकवायची, आणि नेमकी तेव्हाच एका विद्यार्थिनीच्या घरी पार्शाला जत्रेला गेले. तिच्या आईने शहाळं पुढे केलं. ते संपवते तोच दुसरं. "एकावर उठूचा नाय हां, टीचर!" आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की घराचा अपमान होतो. प्याले मुकाट!

परतताना ती मुलगी माझ्याबरोबर होती. ती डिचोलीत मामाकडे राहून शिकायची. वाटेत बस अडली. पुढे झाड, मागे खनिजाचे ट्रक, आणि बसमध्ये माझ्याच वर्गातली पोरं. उतरून झुडपामागे जायचं? टीचरने? त्यांच्यादेखत? छे! पोट आवळून बसून राहिले. शेवटी झाड हटलं, बस सुटली, पहिल्याच खड्ड्यात दणका बसला आणि... मेले मी! साडी, सीट, सगळं ओलं. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, आपली पाण्याची बाटली सीटवर ओतली आणि मोठ्याने म्हणाली, "सॉरी टीचर, माझ्याकडून सांडलं."

पण पोरांना नाकं होती. दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरताच मागून 'स्स्स' झालं. त्यांना वाटलं, तीच. तिने मान खाली घातली, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यात धडा अरेखित स्नायूंचा! कर्म माझं. शिकवायला लागले: "याच्यावर पट्टे नसतात. हा आपलं ऐकत नाही. पेशीत कॅल्शियम वाढलं की आतले तंतू एकमेकांवर सरकतात, स्नायू सावकाश आवळतो आणि फारसा न थकता आवळून राहतो. याचे प्रकार दोन. एकात पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीला इशारा मिळाला की सगळ्या मिळून आवळतात. दुसऱ्यात प्रत्येक पेशीला मज्जातंतूकडून वेगळा हुकूम लागतो. डोळ्याची बाहुली लहानमोठी करणारे, अंगावरचे केस उभे करणारे, हे त्यातले."

पहिल्या प्रकाराची उदाहरणं फळ्यावर लिहिली. जठर. आतडं. तिसऱ्याला हात उचलेना. मागून पुन्हा 'स्स्स'.

मी 'मूत्राशय' लिहिलं आणि वळले. "काल बसमध्ये आवळला तो माझा. हिचा नव्हे."

माझ्या हातांवर काटा उभा राहिला. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण पुढच्या बाकांना सरळ दिसत होतं. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही. पोरगी मात्र मान वर करून फळ्यावरचं उतरवून घेत होती.