टाळीला येणारे मासे

आमच्या घरात माणसं जेवली का, असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मासे जेवले का, हे मात्र रोज विचारलं जायचं. विचारणारे माझे सासरे. मी लग्न होऊन भूमला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मामंजी त्या राज्यात तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते. नवं सरकार आलं, कचेरीतली उर्दू गेली आणि तिच्या मागोमाग मामंजीही घरी येऊन बसले. हुकूम सोडायची सवय तेवढी कचेरीत ठेवून यायची राहून गेली.

परसात आडाशेजारी दगडी हौद होता. त्यातले मासे सासूबाईंचे. त्यांचं माहेर येरमाळ्याजवळ. तिथल्या बारवेतली चार-दोन पिल्लं त्यांनी एका यात्रेहून परतताना घागरीत घालून, बैलगाडीत मांडीवर धरून आणली होती. हौदात ती वाढली, त्यांची पिल्लं झाली. पुढं ती बारव गाळानं बुजली, भाऊ गेला, माहेरचं घरही पडलं. "आता माझं म्हायेर ह्या हौदात हाय बघ," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, आणि ते हसण्यावारी नव्हतं. दुपारी भाकरीचा चतकोर कुस्करून पाण्यात टाकायच्या, कठड्यावर जरा टेकायच्या, मासे खाऊन खाली गेले की उठायच्या. दिवसातलं त्यांचं बसणं तेवढंच.

मामंजी घरी बसले आणि त्यांनी हौदाचा चार्ज घेतला.

सासूबाईंना बोलवायची आमच्या घरची रीत म्हणजे टाळी. बायकोचं नाव घ्यायचं नाही, हे त्या काळी सगळीकडंच होतं. पण 'अगं' म्हणायला काय जीभ झिजत होती? ओसरीवर टाळी वाजली की त्यांनी हातातलं टाकून धावायचं. हीच टाळी मामंजींनी माशांना लावली. पहिल्या दिवशी परसात टाळी वाजली तशा सासूबाई पिठाचे हात घेऊन पळत गेल्या. "तुला न्हाई, माशांना हाय," मामंजी म्हणाले, आणि त्यांच्याशी गप्पा मारायला आलेली माणसं खो खो हसली. सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या. मला असा संताप आला म्हणता! पण नव्या सुनेचा संताप चुलीत घालायचा. पुढं रोज संध्याकाळी टाळी वाजली की त्या आधी दाराशी येऊन बघायच्या, आपल्याला आहे की माशांना.

हळूहळू तिथं दरबारच भरायला लागला. लोकांच्या जमिनीचे जुने कागद सगळे उर्दूत, आणि ते वाचून सांगायला लोकांना मामंजी लागायचे. कागद वाचून हवा असेल तर आधी माशांना घालायचं, हे गावाला न सांगता कळलं. कुणी फुटाणे आणायचं, कुणी चुरमुरे. एका व्यापाऱ्यानं तर बाजारच्या दिवशी जिलबी आणली. जिलबी! माशांना! आणि मामंजी ती कौतुकानं तोडून पाण्यात टाकत होते. घालायचा क्रमही ठरलेला. आधी फेटेवाले, मग टोपीवाले, बोडके सगळ्यात शेवटी. घरातली माणसं ज्वारीच्या भाकरी खायची आणि माशांसाठी मी गव्हाच्या कणकेच्या गोळ्या वळायची. गव्हाची पोळी आमच्या तोंडाला लागायची ती सणालाच. मासे फुगत चालले होते आणि मामंजीही.

त्या उन्हाळ्यात आड तळाला गेला. प्यायला पाणी पुरेना, तर हौदात कुठलं पडणार? हौदातलं पाणी हिरवं, दाट झालं, त्याला वास यायला लागला. मासे दिवसभर वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मामंजींना वाटलं, लई भूक लागलीय. त्यांनी गोळ्या वाढवल्या. मासे जास्तच वर यायला लागले, तशा यांनी आणखी वाढवल्या.

"अहो, थोडे दिस त्यांना कायबी घालू नका," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यासमोर त्या इतकं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. "ते भुकेनं वर येत न्हाईत. त्यांचा जीव घुसमटतोय."

"उभा जन्म कचेरीत गेला माझा," मामंजी म्हणाले. "समोरचा तोंड कशासाठी उघडतोय, एवढं मला कळतंय."

कळत होतं म्हणे! मला हसूही आलं आणि रडूही.

अशातच नवे तहसीलदार हौद बघायला येणार असा निरोप आला. ते पुण्याकडचे, उर्दू न येणारे. जुने कागद वाचायला साहेब आपल्याला पुन्हा कचेरीत बोलावतील, अशी मामंजींना आशा. झालं! घरात जावई येणार असल्यासारखी धांदल. मला कणकेत गूळ घालायला सांगितलं, वर तूपही. तुपाच्या गोळ्यांनी परात भरली. कोटाला इस्त्री झाली. सासूबाई हौदापाशी जाऊन आल्या आणि भाजी निवडत बसल्या.

साहेब आले. मामंजींनी हात वर केला, पण टाळी वाजवायची वेळच आली नाही. सगळे मासे आधीच वर होते, तोंडं उघडून, एकमेकांना खेटून. "बघा साहेब, टाळीच्या आधीच हजर! ही आमच्या वेळची शिस्त," मामंजी म्हणाले. साहेबांनी एक गोळी टाकली, बोटांना लागलेलं तूप रुमालाला पुसलं, इथं उन्हाळा फार कडक दिसतो असं म्हणाले आणि चहा-फराळ करून गेले. कागदांचं नाव नाही, कचेरीचं नाव नाही. आमचे मामंजी मात्र खूश. "साहेब लई प्रभावित झाले," असं आल्यागेल्याला सांगत राहिले.

त्या आनंदात त्यांनी परात उचलली. सासूबाई धावत गेल्या आणि परातीचा काठ धरला. "हात जोडते, बास करा. मरतील हो ते!"

"सोड. साहेबांनी खाल्लं, आपण खाल्लं, त्यांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणून त्यांनी सगळी परात हौदात पालथी केली. पाण्यावर तुपाचा तवंग पसरला. सासूबाई रिकामी परात घेऊन आत आल्या.

सकाळी हौद पांढऱ्या पोटांनी भरला होता. एकही वाचला नव्हता. सासूबाईंनी ते घमेल्यात काढले, लिंबाखाली खड्डा केला आणि पुरले. मी मदतीला गेले तर मला हात लावू दिला नाही. मामंजी ओसरीवर म्हणत होते, "दृष्ट लागली. त्या साहेबाची नजरच मला बरी वाटली न्हवती." कालचे साहेब आज दृष्ट लावणारे झाले! काय म्हणावं या माणसाला?

संध्याकाळी कुणी फिरकलं नाही. मामंजी एकटेच परसात खुर्ची टाकून बसले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात डाळ निवडत होतो. टाळी वाजली. सासूबाई उठल्या नाहीत. पुन्हा वाजली, जरा जोरात. मी त्यांच्याकडं बघितलं. सुपातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

"अहो, मामंजी बोलावतायत," मी म्हणाले.

"मला न्हाई ती," सासूबाई म्हणाल्या. "माशांना असंल."