टोपली उचलायला दोन हात

बेटेगावच्या त्या सुनेचं दुखणं बाहेर आलं ते काकीमुळे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी काकीबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे आणि मग तेच लक्षात राहील. काकी म्हणजे किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातली बाई. खरं नाव लिहिलं तर तिला चालणार नाही. बोईसरमध्ये तिला सगळे काकीच म्हणत.

कुणाच्याही दारात गेली की ती आधी डोक्यावरची टोपली खाली ठेवायची, गुडघ्यांवर हात दाबत बसायची आणि मला म्हणायची, "टेक गो जरा." मला टेकायचं नसायचं. मला पुढच्या घरी जायचं असायचं.

मी हिंगोलीकडची. दहावीच्या आधीच शाळा सुटली. भाऊ तारापूरच्या कारखान्यात लागला, त्याच्या मागे बोईसरला आले. इथे एका संस्थेने मला शिकाऊ म्हणून घेतलं. संस्थेचं काम पेशंटच्या बाजूने उभं राहायचं: घरोघरी जाऊन विचारपूस करायची, कुणी दुखणं अंगावर काढत असेल तर त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं, तिथे त्याच्या वतीने चार प्रश्न विचारायचे. शिकलेल्या मुली सोडून मला घेतलं, याचे उपकार वाटायचे आणि भीतीही वाटायची. रोज सकाळी वाटायचं, आज म्हणतील, बाई, तू जा गावाला. त्यात मला वस्त्या दाखवायला म्हणून जोडीला दिली काकी.

तुम्ही सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी रिक्षात बसला असाल तर माझं दुःख तुम्हाला कळेल. काकी संस्थेच्या कामाला यायची, पण टोपली घेऊन. एका दारात मी क्षयाच्या गोळ्यांबद्दल सांगतेय आणि ही त्याच दारात जवळा मोजून देतेय. बायका माझ्याशी हो हो करायच्या आणि डोळे टोपलीत. माझ्या पिशवीतल्या माहितीच्या कागदांना वास लागला. वहिनी मला घरात घेण्याआधी बादलीकडे बोट दाखवायची. ऑफिसमध्ये मी एकदा भीत भीत तक्रार केली, तर आमचं काम बघणाऱ्या ताई हसल्या आणि म्हणाल्या, काकी आहे ती, चालायचंच.

वर मला टोमणे. मी हळू बोलते म्हणून, भरभर चालते म्हणून, ताटात मासा बघून तोंड फिरवते म्हणून. "घाटावरची लोकं काय खातात गो? नुसती भाकर खाऊन बोलायला आवाज कुठून येल?" हे सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल अशा बेताने.

बेटेगावच्या चाळीत एक कुटुंब होतं, माझ्याच भागाकडचं. सासू, मुलगा, सून. मुलगा कंपनीत पाळीवर. शेजारणीने मला हळूच सांगितलं होतं की सुनेच्या छातीत गाठ आहे, ती कुणाला दाखवत नाही. मी एकटीच जाऊन आले, परत गेले, पुन्हा गेले. खोली एकच. सून खाली मान घालून भाकरी थापत असायची आणि मी तिला काही विचारलं की सासू उत्तर द्यायची. "तिला काही नाही, बाई. उष्णता हाय. पोरी आजकालच्या नाजूक." मी सुनेकडे बघायचे, सून तव्याकडे बघायची. गाठ काही थांबून राहत नाही, एवढं मला प्रशिक्षणात पक्कं कळलं होतं.

शेवटी काकीला न्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी तिला हात जोडून सांगितलं की ती माणसं माळकरी आहेत, सासूच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, उद्या टोपली नको. काकी म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी रिक्षा स्टँडवर बघते तर काकी उभी, डोक्यावर टोपली, नेहमीपेक्षा भरलेली. मी रडायच्या बेताला आले. ती म्हणाली, "मेलेले बोंबील हायत, चालत थोडेच आत जाणार हायत?"

टोपली तिने सुनेच्या दारासमोरच ठेवली, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर. सासूने पदर नाकाला लावला आणि जी मागे सरकली ती थेट देवाच्या फळीपाशी. तिथून ओरडायला लागली, उचला ते आधी. काकीला अचानक कमी ऐकू यायला लागलं. मग गुडघे धरले. मग पाणी पाहिजे झालं. मी काकीच्या वतीने माफी मागत होते, टोपलीला हात घालत होते, तर काकीने माझ्या मनगटावर चापट मारली. आता या घराचं दार आपल्याला कायमचं बंद झालं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सासू काही बाहेर येईना. ती सुनेला म्हणाली, "जा, त्या बाईला टोपली उचलू लाग आणि घालव."

सून बाहेर आली. काकीने टोपलीची एक कड धरली आणि दुसरी तिच्यापुढे केली. सुनेने डावा हात लावला.

"दोन्ही हात लाव गो, जड हाय."

सुनेने उजवा हात पुढे केला, पण तो कोपरापासूनच उचलला. काखेपासून हात वर जाईना. काकीने टोपली परत खाली ठेवली. आवाज इतका खाली आणला की तो काकीचा आहे हे मला खरं वाटेना.

"कवापासून?"

सून एकदा दाराकडे बघून म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून. मला भ्या वाटतंय, काकू. मला कुठंतरी न्या."

माझ्या इतक्या फेऱ्यांत मला तिचा आवाजही ऐकायला मिळाला नव्हता.

पुढचं सोपं नव्हतं. नवऱ्याला कंपनीच्या गेटवर गाठून समजावलं, तपासण्या झाल्या, मुंबईच्या खेपा झाल्या. काकी एका खेपेला बरोबर आली, रांगेत दोघींशी भांडली आणि मग बाकड्यावर घोरत पडली. परत येताना मी सुनेला धरून आणलं आणि सुनेने काकीला. पण सून वाचली. केस पुन्हा आले आहेत, आता विंचरते. सासू तिच्यासाठी दूध आणते आणि आम्हाला अजून नावं ठेवते.

मी काकीला विचारलं होतं, तुम्ही टोपली मुद्दाम आणली होती का? ती म्हणाली, "मला काय म्हायत? मी बोंबील विकायला आलेली." आणि खरंच, त्या दिवशी मी भिंतीला टेकून डोळे पुसत असताना तिने शेजारच्या तीन घरांत माल खपवला होता. त्यामुळे तिच्यावर धड रागावता आलं नाही आणि धड पायाही पडता आलं नाही.

मला संस्थेने कामावर कायम केलं. काकीचं मात्र चालणं थांबलं. मोठ्या मुलाने तिला सुरतेकडे नेलं, तो तिकडे कामाला आहे. मी फोन करते तेव्हा तोच उचलतो. "आई मजेत हाय. जेवते, झोपते." मागून तिचं काहीतरी बोलणं ऐकू येतं, पण फोन तिच्या हातात जात नाही. मागच्या वेळी तो म्हणाला, वय झालंय, थोडं पोटात दुखतं, बाकी काय नाय.

मी सुट्टी साठवते आहे. कधीतरी सुरतेला जाईन, मुलाला काहीतरी आणायला बाजारात पाठवीन, त्याच्या बायकोला चहा ठेवायला सांगीन, दार लोटून घेईन आणि काकीजवळ खाली बसेन. तिला स्वतःच्या तोंडाने सांगावंसं वाटेपर्यंत बसेन. तिचं हे देणं मी फेडणार आहे.