एक घोट, दहा अंक

पाणी रक्तात मिसळण्याआधीच तहान कशी शमते, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे टिपण लिहावयास घेतले. प्रश्न मुळात जानेफळजवळच्या आमच्या शाळेतील शिपाईकाकांचा.

खेळून आलेली मुले व्हरांड्यातील रांजणापुढे ओंजळी धरून उभी राहत. काका एकच घोट ओतत आणि गडू वर उचलत. "थांब बे. दहा मोज."

"काका, काऊन छळता? नरडं सुकून राह्यलं!"

"गटगटा पेशीन त ओकशीन. मोज."

मुले डोळे मिटून मोजत. अंगणात लिंबाची सावली हलत असे, ओल्या मातीचा वास येई, आणि दहापर्यंत येता येता चेहरे निवळत. तहानलेल्याचा चेहरा असा निवळताना तुम्हीही पाहिला असेल.

मी विज्ञान शिकवीत असे. एकदा त्यांना समजावले, "काका, पाणी रक्तात जायला बराच वेळ लागतो. दहा अंकांत तहान कशी भागेल?"

"मंग हे पोट्टे काऊन निवले, सर?"

मी पुस्तके चाळू लागलो.

उत्तर पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडले. घोट गिळल्याची वर्दी घशातील नसा मेंदूच्या बुंध्याला, म्हणजे मस्तिष्कस्तंभाला देतात. तेथून निघालेल्या वाटा अधश्चेतक नावाच्या चिमुकल्या भागापर्यंत जातात, आणि तहान जागवणाऱ्या पेशी थोडा वेळ निजतात. पाठोपाठ आतड्यांकडून पाणी पोचल्याचा निरोप आला नाही, तर त्या पुन्हा जाग्या होतात.

हे सांगायला गेलो तेव्हा काका निवृत्त होऊन अंथरुणाला लागले होते. मूत्रपिंडे थकली होती. डॉक्टरांनी दिवसाला एक गडू पाणी ठरवून दिले होते. तो उशाशी झाकून ठेवलेला.

"माह्याच हातचं मले भेटून राह्यलं, सर," ते हसले. "पोट्टे म्हनतीन, बरा घावला बुढा!"

मी उत्तर सांगितले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी एक घोट घेतला. आम्ही दोघांनी सावकाश मोजले. सातपाशी त्यांच्या कपाळावरची आठी विरली.

"तुमचं खरं हाय," ते म्हणाले. जरा वेळाने पुटपुटले, "पन लय लवकर जाग्या होतेत, सर, त्या पेशी."

त्याच उन्हाळ्यात ते गेले. गडूत दोन घोट उरले होते, असे त्यांच्या सुनेने सांगितले.

माझे उत्तर अपुरे असेल. तहान लागेल तेव्हा एक घोट घ्या, दहा मोजा आणि स्वतः पडताळून पाहा. नंतर मात्र पोटभर प्या.